गाडी गेली का?

इस्पितळात त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणत. पेशंट म्हणत, डॉक्टर म्हणत, झाडलोट करणारे मामासुद्धा म्हणत. तळमजल्यावरच्या लांबलचक बोळाच्या टोकाला त्यांची आवाजबंद खोली होती. भोकाभोकांचे पत्रे लावलेल्या भिंती, जाडजूड दार, दुहेरी काचेची खिडकी. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "कितीही बारीक आवाज आला तरी दाबा. नाही आला तर दाबू नका." हे 'दाबू नका' कुणालाच जमत नसे. शांततेत बसवलं की माणसाला काही ना काही ऐकू यायला लागतंच. बाईंनी कुठलाही सूर सोडलेला नसायचा आणि काचेपलीकडे अंगठा दाबला जायचा. वर चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचं समाधान.

"नसलेलं ऐकायला कान लागतच नाहीत," असं बाई घरी येऊन वहिनींना सांगायच्या.

एका सकाळी बाई उठल्या तेव्हा त्यांचा डावा कान गेलेला होता. दुखला नव्हता, वाहिला नव्हता. उजव्या कुशीवर झोपल्या होत्या, त्यामुळे आधी वाटलं सगळं जगच बंद पडलंय. कूस बदलल्यावर कळलं, अर्धंच. औषधं झाली, कानात सुया झाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, परत यायचं असतं ते लवकर येतं. आलं नाही. शेवटी बाई स्वतःच आवाजबंद खोलीत जाऊन बसल्या आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलीने त्यांची तपासणी केली. डाव्या कानाची रेघ आलेखाच्या तळाला जाऊन टेकली. मुलगी रडवेली झाली. बाईच तिला म्हणाल्या, "नीट काढलायस. चूक नाही यात."

एका कानाने माणूस बहिरा होत नाही, पण त्याला दिशा राहत नाही. रस्त्यात हॉर्न वाजला की बाई नेमक्या उलटीकडे बघायच्या. फोन वाजला की आधी स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, मग उशीखाली. डावी बाजू म्हणजे अंगाला खेटून उभी असलेली भिंत झाली होती. खालच्या मजल्यावर दादा-वहिनी राहत. दादा आता ओरडून बोलायला लागला होता.

"अरे दादा, एकच कान गेलाय."

"मग अर्ध्या आवाजात ओरडतो," दादा तेवढ्याच आवाजात म्हणाला. वहिनी मात्र काही न बोलता उजव्या बाजूला बसायला लागल्या.

बाईंचा रविवारी रानात चालायला जाणाऱ्यांचा एक गट होता. बरीच वर्षं त्या त्यांच्याबरोबर जात होत्या. आता मात्र पाचसहा जण एकदम बोलायला लागले की त्यांना काहीच नीट ऐकू येत नसे. सगळ्यांचं हसून झाल्यावर त्या हसायच्या. एकटा कान दिवसभर राबून दमायचा. दोनदा तसं झाल्यावर त्यांनी गटाला निरोप पाठवला की या वेळी येत नाही, आणि त्याच रविवारी एकट्याच बसमध्ये बसल्या.

कुठे जायचं ते मनात होतं. जुन्या रेल्वेचा दगडी बोगदा. नवी लाइन डोंगराच्या पलीकडून गेली तेव्हा ही बंद पडली, रूळ उपटून नेले, आणि गाड्यांच्या जागी झाडं वाढली. गटात दरवर्षी त्याची गोष्ट निघायची आणि कुणीतरी म्हणायचं, वाट लांब आहे, पुढच्या वेळी बघू.

"वन्सं, एकट्या?" वहिनी म्हणाल्या होत्या. "तिथं काही झालं तर हाक तरी कुणाला मारणार?"

"मारली तर मीच ऐकायची, आणि तीही एका कानाने," बाई म्हणाल्या. वहिनींना ते काही हसण्यासारखं वाटलं नाही. त्यांनी डबा मात्र दुप्पट भरला.

वाट लांब होती, पण चढ नव्हता. जिथून गाडी जायची तिथून चालायचं, त्यामुळे सगळं सपाट, मोठमोठ्या वळणांचं. दोन्ही बाजूंना डोंगर कापून काढलेल्या ओल्या भिंती, त्यांवर शेवाळ आणि नेचे. पायाखाली जुनी खडी, वर पाचोळ्याचा थर. कुठे रुळांखालचा एखादा कुजलेला लाकडी स्लीपर, त्यातून उगवलेलं रोप. बाईंना बरं वाटत होतं. इथे कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. पक्षी बोलायचे, ते कुठे आहेत हे शोधायची गरज नव्हती.

दुपारच्या सुमाराला बोगदा दिसला. आधी थंडी आली, मग तोंड दिसलं. घडीव दगडांची उंच कमान, दगडात दगड असा बसवलेला की मध्ये नख शिरू नये. वरून पाणी ठिबकत होतं. आतून गार हवा हळूहळू बाहेर येत होती, तळघराचं दार उघडल्यासारखी. बाईंनी तोंडाशीच बसून डबा खाल्ला, पाणी प्यायलं, हातात टॉर्च घेतला आणि आत शिरल्या.

छत अजून काळं होतं. बोट लावलं तर काजळी हाताला येत होती. दोन्ही भिंतींत थोड्या थोड्या अंतरावर माणूस उभा राहील एवढे कोनाडे होते. गाडी आली की काम करणाऱ्यांनी चटकन शिरायचं ते. अंधारात सापडावेत म्हणून त्यांच्या कडांना चुन्याचा पांढरा पट्टा ओढलेला होता आणि तो अजून पुसलेला नव्हता. बोगद्याला मध्येच वळण होतं. बाईंनी मागे पाहिलं तेव्हा तोंडाची उजेडाची कमान बारीक होत होत नखाएवढी झाली होती. आणखी थोडं पुढे गेल्यावर तीही गेली. पुढचं तोंड अजून दिसायचं होतं.

तेव्हा पावलं ऐकू आली. बाई थांबल्या, पावलं थांबली. चालल्या, चालू झाली. त्या हसल्या. दगडी नळीत दुसरं काय होणार? आयुष्यभर ज्यांनी लोकांना प्रतिध्वनी आणि आवाज यांतला फरक समजावून सांगितला त्यांनी घाबरायचं म्हणजे पोहणाऱ्याने बादलीला घाबरायचं. त्या चालत राहिल्या.

थोड्या वेळाने काहीतरी निराळं वाटायला लागलं. काय ते कळेना. पाणी ठिबकत होतं, खडी करकरत होती, त्यात काही नवीन नव्हतं. मग लक्षात आलं की डावीकडची भिंत नाहीये. दगडाची होती, पण ती दुसरी, इतके महिने अंगाला खेटून उभी असलेली, ती नव्हती. त्या बाजूला आता जागा होती, आणि त्या जागेत कुणीतरी श्वास घेत होतं.

बाईंनी टॉर्च फिरवला. डावीकडे रिकामा कोनाडा. मागे वळून पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

"गाडी गेली का?" डाव्या कानात कुणीतरी विचारलं.

आवाज साधा होता. दमलेल्या माणसाचा. बसथांब्यावर उशिरा पोचलेला माणूस विचारतो तसा. बाईंनी एकच गोष्ट केली, जी कामावर हजारदा केली होती. चांगला कान बंद केला. उजव्या कानात बोट घट्ट दाबलं आणि सगळं विझलं. ठिबकणारं पाणी गेलं, स्वतःच्या बुटांखालची खडी गेली. राहिला तो फक्त श्वास, आणि परत तेच.

"बाई, गाडी गेली का?"

त्या पळाल्या. पळाल्या म्हणजे थोडंसंच, ठेचकाळत, एका हाताने भिंत चाचपत. मग थांबल्या, कारण कुठे पळतोय ते कळत नव्हतं. टॉर्च फिरवताना त्या स्वतःभोवती इतक्या वेळा फिरल्या होत्या की आल्या ती बाजू कुठली आणि पुढची कुठली हेच राहिलं नव्हतं. दोन्हीकडे सारखाच काळोख. त्या उकिडव्या बसल्या आणि लहानपणी बसायच्या तशी मान गुडघ्यांत घातली.

"मधे बसू नका," आवाज म्हणाला. आता त्यात काळजी होती. "गाडी यायचीय. शिट्टी झाली मघाशी. कोनाड्यात या, पाठ भिंतीला लावा, तोंडावर फडकं धरा. धूर फार होतो इथे वळणावर."

बाई ऐकत होत्या. आवाजबंद खोलीत किती माणसं अशी बसलेली त्यांनी पाहिली होती! दार बंद झालं की धसका घेणारी, अंधाराला भिणारी म्हातारी माणसं. त्यांच्याशी बोलायचा बाईंचा एक वेगळा आवाज होता, खालच्या पट्टीतला, सावकाश. तो त्यांच्या तोंडून आपोआप आला.

"तुम्ही कधीपासून उभे आहात?"

"शिट्टी झाल्यापासून. रूळ तपासत होतो. शिट्टी झाली, आत शिरलो. मग धूर आला. श्वास कोंडला, डोळे मिटून घेतले. मग गाडी गेल्याचा आवाजच नाही आला. आवाज आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असा नियम आहे. म्हणून उभा आहे."

त्या धुरात त्याचं काय झालं असेल ते बाईंना कळलं. त्याला कळलेलं नव्हतं.

त्या उठल्या. टॉर्चचा उजेड समोर जमिनीवर पडला होता. तिथे रूळ नव्हते, नुसती खडी होती आणि तिच्यावर वटवाघळांची घाण. हे सांगावं का, असं एकदा त्यांच्या मनात आलं. त्यांनी सांगितलं नाही.

"गाडी गेली," त्या म्हणाल्या.

"आवाज नाही आला."

"तुमच्या कानांना दडे बसले असतील. बंद जागेत एवढी मोठी गाडी जवळून गेली की दडे बसतात. मी कानांचंच काम करते, मला माहीत आहे."

"नक्की गेली?"

"नक्की. मी बाहेरूनच आले ना. मार्ग मोकळा आहे. या."

बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या डाव्या हाताशी खडी करकरली. एक पाऊल, मग दुसरं. अंगावरून गार वारा जावा तसं काहीतरी पुढे गेलं.

"तुम्ही वाट चुकलात वाटतं," तो म्हणाला. "माझ्या मागून या. इकडून बाहेर जायचं."

दुसरं काय करणार? बाई त्याच्या मागून गेल्या. पायांचा आवाज पुढे, डावीकडून, आणि बाई त्या आवाजाला धरून. किती दिवसांनी त्यांना आवाज कुठून येतोय ते कळत होतं. वळण संपलं, समोर उजेडाचा ठिपका दिसला, ठिपक्याची कमान झाली, आणि बाई उन्हात आल्या. आल्या होत्या त्या तोंडाशी नाही, पलीकडच्या.

पुढे कुणीही नव्हतं. पाचोळा मात्र चुरचुरत होता. पक्षी नेहमीसारखे फक्त उजव्या कानात ऐकू येत होते. डाव्यात तेवढी ती पावलं. काही अंतरावर जुनी लाइन सोडून एक पायवाट झाडीत शिरत होती. पावलं तिकडे वळली आणि भराभर पडायला लागली.

"उशीर झाला," तो म्हणाला. "घरी वाट बघत असतील."

बाई जागीच उभ्या राहिल्या. आता उजेड होता, वाट होती, त्या सुटल्या होत्या. वळून डोंगरावरून चढून गेल्या असत्या तर कुणी त्यांना अडवलं नसतं. पण त्या पायवाटेच्या टोकाला काय असेल ते त्यांना न बघताच दिसत होतं, आणि ज्या माणसाला आपण बाहेर काढलं त्याला ते एकट्याने बघू द्यायचं, हे काही त्यांना जमेना. त्या मागोमाग गेल्या.

रेल्वेच्या लोकांची वसाहत होती ती. घरांची जोती तेवढी उरली होती, एका ओळीत, गुडघाभर उंचीची. एका जोत्याच्या मधोमध झाड उगवून त्याच्या मुळांनी फरशा उचलल्या होत्या. दोन घरांमध्ये सिमेंटचा कट्टा, त्यावर तोटी नसलेला नळ. पावलं पहिल्या जोत्याशी थांबली, मग दुसऱ्याशी, मग घाईने सगळ्या ओळीवरून फिरून शेवटच्या घराशी गेली. तिथे झिजलेल्या दगडाची एक पायरी होती. पाचोळा वाजला आणि मग वाजायचा थांबला.

बाई नळाच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांना उन्हातही हुडहुडी भरली होती.

"कुठे गेले?" तो म्हणाला.

"लाइन बंद झाली," बाई म्हणाल्या. "सगळे इथून निघून गेले."

"कधी?"

"माझ्या जन्माच्या आधी."

तो बाईंकडे बघत असावा, असं त्यांना वाटलं. पांढरे झालेले केस, चष्मा, हातावरच्या शिरा. त्यांनी हात पदराखाली घ्यावेत तसे सदऱ्याच्या खिशांत घातले.

"मला कुणी हाक नाही मारली?"

"मारली असेल. खूपदा मारली असेल. तुम्हाला ऐकू आली नसेल," बाई म्हणाल्या.

हे खरं होतं की नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं. बोलल्या मात्र पेशंटला निकाल सांगावा तशा. त्यानंतर पायरीपाशी जे ऐकू आलं ते रडणं होतं. मोठा माणूस आवाज दाबून रडतो, तसं. बाई उठल्या नाहीत, समजूत घातली नाही. बसून राहिल्या. ऊन एका जोत्यावरून सरकून दुसऱ्यावर गेलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "मला आता निघायला हवं. बस चुकेल."

"मग मी कुठे जाऊ?" त्याने विचारलं. "परत आतच जातो."

"नका जाऊ," बाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच त्यांचा. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. वसाहतीच्या खालच्या अंगाने जुना गाडीरस्ता उतरत होता. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत. "ते बघा, सगळे सामान घेऊन इथूनच गेले असणार. दुसरी वाटच नाही. मीही तिकडूनच जाते. चला."

त्या उतरायला लागल्या. आधी काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यांनी ठरवलं होतं की मागे वळायचं नाही. मग डावीकडच्या चाकोरीत पावलं वाजायला लागली. आधी मागे होती, मग बरोबरीने आली, मग पुढे गेली. एकदा फक्त त्याने विचारलं, "खाली गाव आहे का अजून?" आणि बाई म्हणाल्या, "असेल. रस्ता तरी आहे."

रस्ता होता. चाकोऱ्या संपल्या तिथे काळं, गुळगुळीत डांबर आडवं गेलं होतं. पावलं काठाच्या मातीत वाजली, आणि मग नाहीशी झाली. डांबरावर पावलं वाजत नाहीत. बाई उभ्या राहून दोन्हीकडे बघत होत्या. तो उजवीकडे गेला, डावीकडे गेला, की तिथेच शेजारी उभा होता, काही कळायला मार्ग नव्हता. डावी बाजू हळूहळू पुन्हा भिंत झाली.

दुधाचे कॅन घेऊन जाणारी एक गाडी आली. चालवणारी मध्यम वयाची बाई होती. तिने काच खाली केली.

"बस कधीचीच गेली. शहरापर्यंत सोडते. एकट्याच आहात?"

बाईंनी दार उघडलं, आत बसून पलीकडे सरकल्या आणि दार तसंच उघडं ठेवलं. गाडीवाली थोडा वेळ थांबली.

"ताई, दार लावा ना," ती म्हणाली. "अजून कुणी यायचंय का?"

"बघते," बाई म्हणाल्या. आणखी थोडा वेळ गेला. मग त्यांनी हात लांब करून दार ओढून घेतलं.

हे सगळं त्यांनी घरी फक्त वहिनींना सांगितलं, तेही आठवडाभराने, दादा बाहेर गेलेला असताना. वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. एकदाही त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, खरं की भास असंही विचारलं नाही. शेवटाला आल्यावर मात्र त्यांचे हात थांबले.

"मग बसला का तो गाडीत?"

"माहीत नाही, वहिनी."

"वाटेत काही बोलला नाही?"

"गाडीचा आवाज फार होता. कॅन आपटत होते मागे."

वहिनींनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर लोक येत होते, जात होते.

"तुम्ही आणखी थोडा वेळ ठेवायचं होतंत दार उघडं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.